चौदा फूट आणि दोन वळणं

१

चारुदत्त बेहेरे इन्स्पेक्टर होते, एवढं खरं. त्यांच्या सांगलीच्या मावशीने अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं की आमचा चारू अमेरिकेत कमरेला पिस्तूल लावून फिरतो. चारुदत्तांच्या कमरेला असायची ती पंचवीस फुटी टेप. मॉरिसव्हिलपासून बारा मैलांवरच्या एका बारक्या गावात ते बिल्डिंग इन्स्पेक्टर होते. जिन्याची पायरी किती उंच, खिडकी किती रुंद, कपडे वाळवायच्या मशिनचा पाइप किती लांब, हे मोजायचं आणि फॉर्मवर सही करायची. एकदा पायरी पाव इंच उंच भरली म्हणून त्यांनी एक चर्च नापास केलं, तर रविवारी पाद्र्याने भर सभेत त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना केली. सोमवारी मोजली तर पायरी बरोब्बर पाव इंच खचलेली! चारुदत्तांनी चर्च पास केलं, पण हे प्रार्थनेने झालं असं लिहायला फॉर्मवर रकाना सापडेना. निदान ते तरी असंच सांगत.

तर १९८६ सालच्या जानेवारीत, एका मंगळवारी, राजीव मिराशीची आई वारली.

वसुधाबाई ऑक्टोबरात लेकाकडे आल्या होत्या. टाउनहाउसच्या खालच्या मजल्यावर त्यांची खोली. शेजारच्या कोनाड्यात वॉशर आणि गॅसचा ड्रायर. ड्रायर चालला की खोलीत ऊब यायची, म्हणून दुपारी मधलं दार उघडं टाकून त्या पडत. त्या मंगळवारी सून सुनेत्राने, दर मंगळवारसारखा, सव्वाबाराला ड्रायर लावला आणि ती लायब्ररीतल्या कामावर गेली. साडेतीनला परत आली तेव्हा सासूबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. गाल गुलाबी, चेहरा शांत. हाक मारली, हलवलं, आणि मग फोनकडे धावली.

डॉक्टरांनी सांगितलं, कार्बन मोनॉक्साइड. गॅस जळताना निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो.

हा वायू ड्रायरच्या पाइपातून घराबाहेर जायला हवा होता. आगवाल्यांनी पाइप तपासला. पाइप जागच्या जागी, मोकळा. मशिन तपासलं. धडधाकट.

मग बाहेर जायचा वायू खोलीत आला कसा?

आगवाल्यांनी ‘कारण अनिश्चित’ लिहिलं आणि ते निघून गेले. राजीवने मात्र त्याच संध्याकाळी कारण निश्चित करून टाकलं होतं. घरात सगळ्यात आधी कोण आलं होतं? बायको!

२

अकराव्या दिवशी, शुक्रवारी, सुनेत्रा टाऊन ऑफिसात आली आणि चारुदत्तांच्या टेबलासमोर उभी राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

“काका, सोमवारी मी नागपूरला चाललेय. राजीवने तिकीट काढलंय. वन-वे.”

“तो म्हणतो तरी काय?”

“म्हणतो, पाइप मागून निसटला होता. तुझ्या हातून निसटला, नाहीतर तू काढलास. आल्यावर परत बसवलास आणि मग फोन केलास. फायरवाले यायला अकरा मिनिटं लागली, तेवढा टाइम पुरतो म्हणे.”

“आणि तू काय म्हणतेस?”

“मी काय म्हणणार? मी पाइप कधी पाहिलापण नाही हो. मशिनच्या मागे झुरळं असतील म्हणून मी तिकडे बघतच नाही.” तिचे डोळे कोरडे होते. “जायला माझी ना नाही, काका. पण सासूला मारून आली, हे घेऊन मी आईबाबांच्या दारात उभी नाही राहणार. तुम्ही इन्स्पेक्टर आहात ना? एकदा मोजून बघा. माझी चूक निघाली तर तसं सांगा.”

चारुदत्तांनी चष्मा पुसला. “भांडणं व्हायची दोघींची?”

“व्हायची की. त्यांचं लुगडं ड्रायरमध्ये आटलं म्हणून एकदा. घरात गहू भिजवायचे नाहीत असं मी सांगितलं, तेव्हा एकदा.”

“गहू कशाला?”

“कुरडयांना. तीन दिवस भिजत ठेवतात ना, सगळ्या घराला आंबूस वास सुटतो. त्यानंतर चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मग आपल्या आपण बोलायला लागल्या, खुशीत असायच्या. मला वाटलं, विसरल्या.”

३

शनिवारी सकाळी चारुदत्त मिराशींच्या तळमजल्यावर पोचले तेव्हा नंदू साठे आधीच तिथे उकिडवा बसला होता. पंचक्रोशीतल्या तमाम मराठी घरांतले ड्रायर, गिझर आणि अँटेना नंदूने फुकट बसवून दिले होते. बोली एका वाटी श्रीखंडाची. डोळ्यांवर पट्टी बांधून त्याने एकदा डिशवॉशर बसवला होता, आणि तो आजतागायत गळला नाही, असं तो स्वतःच सांगे. आज मात्र त्याचा चेहरा पडला होता.

“काका, माझ्या हातून झालं असेल का हो? मला डिपोर्ट करतील?”

“गप्प बस आणि टॉर्च धर.”

चारुदत्तांनी टेप काढली. पुस्तकातला नियम त्यांना झोपेत पाठ होता. पाइप गुळगुळीत पत्र्याचा हवा. लांबी चौदा फूट, वळणं दोन. सांध्यात आतल्या बाजूला स्क्रूचं टोक येता कामा नये, कारण त्याला कपड्यांचा कापूस अडकतो. बाहेरच्या तोंडाला झडप हवी, पण जाळी मुळीच नको. तीही कापसाने बुजते.

पाइप साडेतेरा फूट भरला. वळणं दोन. स्क्रू एकही नाही, सांध्यांवर चंदेरी टेप. त्या टेपवर दोन वर्षांची धूळ होती, पापडासारखी सलग, बोटाचा एक ठसा नसलेली.

“हा सांधा कोणी उघडला नाही,” चारुदत्त म्हणाले. “उघडून परत लावला असता तर धूळ तुटली असती. राजीवचा पाइपवाला हिशेब इथेच संपला.”

“म्हणजे वहिनी सुटली!”

“कुठली सुटते? आता तर काहीच कारण उरलं नाही. आणि कारण उरलं नाही की माणसं माणूस शोधतात.”

सबंध नोकरीत पहिल्यांदाच, सगळं नियमात बसलेलं बघून त्यांना वाईट वाटलं.

मशिनच्या गाळणीत तांबडा कापूस गच्च होता. बाजूच्या टोपलीत तांबडं फ्लॅनेलचं पांघरूण तसंच पडलेलं. नंदू म्हणाला, “त्या दिवशी मशिनमध्ये हे एकटंच होतं. वहिनीने सेलमध्ये आणलं आणि पहिल्यांदाच धुतलं. फायरवाल्यांनी बाहेर काढून ठेवलं, तेव्हापासून कोणी हात लावला नाही.” पांघरुणाला ड्रायरमध्ये टाकायच्या सुगंधी कागदाचा वास होता, स्वस्तातल्या अत्तरासारखा गोड.

ते मागच्या अंगणात गेले. भिंतीच्या तळाशी, जमिनीपासून वीतभर वर पाइपचं तोंड. झडप बोटाने सहज हलली. जाळी नाही. चारुदत्त खाली वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

सगळं अंगण थंडीने करपून पिवळं पडलं होतं. पाइपच्या तोंडाशी मात्र दीड फूट बाय दीड फूट गवत हिरवंगार होतं. गोल नाही, पसरटही नाही. पट्टीने आखल्यासारखा चौकोन.

“गरम हवेने झालं असेल,” नंदू म्हणाला.

“हवा कधी चौकोनी असते का रे?”

तेवढ्यात मागून आवाज आला. “काका, तुम्हाला इथे कोणी बोलावलं?”

दारात राजीव उभा होता.

४

राजीव वाईट मुलगा नव्हता. कंपनीत सगळे त्याला गुणी म्हणत. बारा दिवसांत त्याची दाढी वाढली होती आणि डोळे खोल गेले होते. चारुदत्तांनी धुळीचं सांगितलं, ते त्याने नीट ऐकून घेतलं.

“म्हणजे काय, काका, विष हवेतून आलं?”

“हवेतूनच येतं ते. पण उलटं का फिरलं, एवढं शोधायचंय. इथे खोका ठेवता का तुम्ही कसला?”

“कसला खोका? मी इकडे येतपण नाही. मी सातला जातो, सातला येतो.” मग तो पाइपच्या तोंडाकडे बघत राहिला. “आई मला म्हणायची, तुझ्या घरात ऊब आहे रे. काका, ज्या उबेत ती झोपायची...”

चारुदत्तांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. गव्हाचं विचारायचं ते राहूनच गेलं.

अंगणाच्या पलीकडे, झाडांच्या रांगेमागे अपार्टमेंटच्या इमारती होत्या. तिथे राजीवची बहीण उत्तरा राहायची. चालत दोन मिनिटं. चारुदत्तांनी तिचं दार वाजवलं.

“मंगळवारी तू गेली होतीस का गं आईकडे?”

“नाही हो काका. मला पडसं झालेलं. गेले असते तर ही वेळ आली असती का?” उत्तराने पदराने नाक पुसलं. “वहिनीला सगळं माहितेय. तिलाच विचारा. माझ्या आईला त्या घरात साधा गहू भिजवायची चोरी होती.”

“मग कुठे भिजवायच्या?”

“कुठेच नाही,” उत्तरा फार पटकन म्हणाली.

“गुडघे कसे होते त्यांचे?”

“गुडघ्यांचं काय? खाली वाकताच यायचं नाही तिला. चप्पलसुद्धा मी सरकवून द्यायची. का?”

“काही नाही,” चारुदत्त म्हणाले. अपार्टमेंटच्या जिन्याखाली सगळ्यांच्यात मिळून एक नाणी टाकायचं वॉशिंग मशिन होतं. उत्तराच्या घरात ड्रायर नव्हता. हे मात्र त्यांनी बघून घेतलं.

५

रविवारी तेराव्याचं जेवण झालं. पंधरा-वीस मराठी माणसं कोट घालून कागदी ताटं घेऊन बसली होती. सुनेत्रा वाढत होती. तिच्या हातून घेताना बायका तिच्याकडे बघत नव्हत्या. वर बेडरूमच्या दाराशी तिची बॅग भरून ठेवलेली होती, आणि ती सगळ्यांना दिसत होती.

उत्तराने घरून तळून आणलेली कुरडयांची परात मधे ठेवली. “आईच्या हातच्या शेवटच्या,” ती म्हणाली. “येताना बॅगेतून आणल्या होत्या तिने.” सगळ्यांचे डोळे ओले झाले. चारुदत्तांनीही एक उचलली, तुकडा मोडला आणि तोंडात टाकला.

तुकडा कुरकुरीत होता, पांढराशुभ्र होता. आणि त्याला स्वस्तातल्या अत्तराचा वास होता.

चारुदत्त ताट ठेवून उठले. स्वयंपाकघरात उत्तराच्या पिशवीत न तळलेल्या कुरडयांचा डबा होता. त्यांनी एक कुरडई खिडकीपाशी उजेडात धरली. चकलीसारख्या त्या बारीक वेढ्यांत, वरून चिकटलेला नव्हे, चीक ओला असताना आत रुतलेला, एक धागा होता.

तांबडा.

ते पाच मिनिटं सिंकपाशी उभे राहिले. नळ सोडून चूळ भरली, परत भरली. मग बाहेर येऊन म्हणाले, “मंडळी, जेवणं आटपा आणि घरी जा. घरच्यांनी तेवढं थांबा. नंदू, तूही थांब.”

६

“कुरडया भारतातून आल्या नाहीत,” चारुदत्तांनी डबा टेबलावर ठेवला. “भारतात ड्रायरचा सुगंधी कागद कुठला? आणि हा तांबडा कापूस सुनेत्राच्या पांघरुणाचा. ते पांघरूण जन्मात एकदाच धुतलं गेलं, त्या मंगळवारी. म्हणजे या कुरडया वाळल्या त्या मंगळवारी दुपारी, या घराच्या ड्रायरच्या हवेवर.”

चारुदत्तांनी मागच्या अंगणाच्या दिशेने बोट केलं.

“या घरात गहू भिजवायला मनाई होती. म्हणून वसुधाबाई उत्तराकडे भिजवायच्या. चीक तिथे शिजवायचा, सोऱ्याने कुरडया तिथे घालायच्या. वाळवायच्या कुठे? इथलं जानेवारीचं ऊन म्हणजे नुसता उजेड. पण लेकाच्या अंगणात भिंतीतून गरम वारा येतो, फुकट! तळ आणि एक बाजू काढलेला खोका त्या तोंडाशी ठेवायचा, वरून झाकण म्हणून काहीतरी ताणायचं आणि त्यावर वाळवण घालायचं. म्हणून गवताचा तो चौकोन. वसुधाबाईंना वाकता येत नव्हतं, म्हणजे खोका ठेवणारे हात दुसऱ्याचे. उत्तरा, किती मंगळवार?”

उत्तरा पांढरीफटक पडली होती. “पाच,” ती म्हणाली.

“मग चार मंगळवार काही झालं नाही, ते कसं?”

“तेव्हा नायलॉनची जाळी लावायचो. त्यातून शेवया खाली पडायच्या. आई म्हणाली, या खेपेला पंचा लाव.”

चारुदत्तांनी डोळे मिटले. “ओला चीक पंच्यावर. चीक म्हणजे खळच की गं. वाळता वाळता कापडाची सगळी भोकं बुजली, पंचा पत्र्यासारखा झाला. हवेला पुढे वाट राहिली नाही. ती मागे फिरली, मशिनच्या पोटातून त्या खोलीत आली. पुस्तकात त्या तोंडाला साधी जाळीसुद्धा लावू देत नाहीत.”

“दोन वाजता मी खोका उचलून नेला,” उत्तरा स्वतःशीच बोलावं तशी बोलत होती. “काचेतून बघितलं. आई झोपली होती. उठवलं नाही, म्हटलं झोपू दे. काका, तेव्हा ती... तेव्हा होती का हो?”

“माहीत नाही, बाळ.”

उत्तराने तोंडावर हात धरला आणि ती जी रडायला लागली ती थांबेना. नंदूही रडू लागला. राजीव उठला, बहिणीशेजारी बसला, तिचं डोकं खांद्यावर घेतलं. चारुदत्तांनी सुनेत्राकडे बघितलं. आता कोणीतरी तिच्याशी बोलेल, असं त्यांना वाटलं.

“घरात करू दिल्या असत्या,” उत्तरा हुंदक्यांतून म्हणाली, “तर आईला असं चोरून करावं लागलं असतं का रे, राजू? वहिनीने नाही म्हटलं. गव्हाला नाही म्हटलं तिने.”

चारुदत्तांनी खोलीतली हवा बदलताना बघितली. राजीवच्या खांद्यातला ताण सैल झाला. नंदूने मान डोलावली. हरवलेली किल्ली सापडल्यावर माणसं सोडतात तसा श्वास सगळ्यांनी सोडला.

“उत्तरा!” चारुदत्त ओरडलेच. “वास येतो म्हणणं आणि जीव घेणं यात काही...”

“राहू द्या, काका,” सुनेत्रा म्हणाली. “खरंच आहे ते. मीच नाही म्हणाले होते.”

राजीवने तिच्याकडे बघितलं, बारा दिवसांत पहिल्यांदा. त्याच्या नजरेत राग नव्हता. उलट माया होती, आणि तीच बघवत नव्हती. “जाऊ दे, सुनेत्रा. तुला कुठे माहीत होतं? झालं ते झालं. मी माफ केलं तुला. तिकीट कॅन्सल करतो उद्या.”

७

ती गाडीपर्यंत सोडायला आली. खांद्यावर शालसुद्धा घेतली नव्हती.

“मी रिपोर्ट लिहितो,” चारुदत्त म्हणाले. “त्यात तुझं नाव कुठेही येणार नाही.”

“थँक्यू, काका.”

“एक विचारू? गव्हाचा वास नको, हे कोणाचं म्हणणं होतं? तुझं?”

तिने मागे घराकडे बघितलं. खिडकीत भाऊबहीण दिसत होती.

“राजीवचं. नोव्हेंबरात त्याचा बॉस जेवायला येणार होता. म्हणाला, आईला तू सांग. मी सांगितलं तर तिला वाईट वाटेल. त्याचं असंच असतं. आईची फिश करी नको, आईचं मोठ्याने रेडिओ लावणं नको, सगळं मीच सांगायचं.”

“अगं, मग आत बोलली का नाहीस?”

“बोलून काय करू? त्याला आठवत नाही, काका. खोटं नाही बोलत तो. त्याला खरंच आठवत नाही.” तिने खिडकीकडे पाठ केली. “आणि सांगितलं ते मीच ना, माझ्याच तोंडाने. त्या म्हणाल्या होत्या, एवढ्याशाच करते गं. तरी मी नाही म्हणाले.”

आयुष्यभर चारुदत्तांनी चुकलेली मापं पकडली होती, आणि चूक सापडली की ती दुरुस्त करता यायची.

“तुम्ही आला नसतात तर मी उद्या गेले असते,” सुनेत्रा म्हणाली. “सगळ्यांनी मला वाईट म्हटलं असतं. पण मला आतून माहीत होतं, मी काही केलेलं नाही. तेवढं माझं होतं.”

ती आत गेली. दार लागलं.

मार्चमध्ये टाऊन ऑफिसात तक्रार आली. मिराशी नावाच्या बाईने मागच्या अंगणात दोरी बांधून कपडे वाळत घातलेत, सोसायटीच्या नियमात हे बसत नाही, चारदा सांगूनही ऐकत नाही. चारुदत्त बघायला गेले. गारठा होता, भुरभुर पाऊस होता. दोरीवर चादरी, शर्ट, टॉवेल गच्च ओले लोंबत होते, आणि सुनेत्रा त्यांच्यात उभी राहून आणखी एक शर्ट चिमट्यांनी लावत होती. बोटं गारठून लाल झालेली.

“पावसात कशाला गं?” ते म्हणाले. “वाळायचे नाहीत ते.”

“माहितेय,” ती म्हणाली, आणि तिने पुढचा कपडा झटकला.